ही गाणी म्हणणार कोण?

फोटो अगदी साधा आहे. विटांची भिंत, तिच्यासमोर उभा एक तिशी ओलांडलेला काळा माणूस, अंगावर रोजचे कपडे आणि हातात जेवणाचा डबा. 'जस्ट ॲज आय ॲम' या १९७१ साली आलेल्या अल्बमचं हे कव्हर. फोटो काढलाय कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या 'वेबर एअरक्राफ्ट' या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. माणसाचं नाव बिल विदर्स. बोइंग ७४७ विमानांमध्ये बसवायची टॉयलेट जोडणं, हे त्याचं तिथलं काम. फोटोग्राफर नॉर्मन सीफ आपलं सामान घेऊन गेला आणि बिल परत कामाला लागला. म्हणजे तो डबा कुणी स्टायलिस्टनं हातात दिलेला नव्हता, डब्यात खरंच जेवण होतं.

नाव ऐकलेलं नसलं तरी हा आवाज तुमच्या फोनमधून गेलेला आहे. सकाळच्या कॉफीच्या रील्सवर 'लव्हली डे' वाजत असतं, ते त्याचं. 'जस्ट द टू ऑफ अस' तर इतकं पसरलंय की त्यातल्या कॉर्ड्सच्या क्रमाला जपानी संगीतवाले त्या गाण्याच्याच नावानं ओळखतात आणि निम्मं लो-फाय संगीत त्यावर चालतं. 'एन्ट नो सनशाइन' आणि 'लीन ऑन मी' ही अजून दोन. एका माणसाच्या नावावर अशी चार गाणी असली की आपण धरून चालतो, तो आयुष्यभर स्टेजवर असणार. बिलचा पहिला अल्बम आला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता आणि शेवटचा आला १९८५ मध्ये, म्हणजे सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर तो पस्तीस वर्षं जगला. चांगला जगला. नवा अल्बम मात्र काढला नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. वय अठ्ठावीस. माझ्या ओळखीतले निम्मे लोक नोकरी सोडून 'पॅशन' फॉलो करायच्या गप्पा मारतात आणि उरलेले निम्मे पुढच्या ले-ऑफच्या यादीत आपलं नाव असेल का याच्या. दोन्ही गप्पा बहुतेक एकाच कॅन्टीनच्या टेबलावर चालतात. बिल विदर्सच्या मागे मी लागलो ते त्यामुळेच. कारण आपल्याला विकली जाणारी यशाची गोष्ट ही अशी असते: लहानपणापासून एकच स्वप्न, घरच्यांचा विरोध, राजीनामा, मग संघर्ष आणि शेवटी स्टेडियम. बिलच्या गोष्टीत यातलं जवळपास काहीच नाही. त्यानं नोकरी सोडली नाही. खरं तर नोकरीनंच त्याला आधी सोडलं. आणि स्टेडियम समोर आलं तेव्हा त्यानं घड्याळ बघितलं.

वेस्ट व्हर्जिनिया हे अमेरिकेतलं डोंगराळ, कोळशाच्या खाणींचं राज्य. तिथल्या स्लॅब फोर्क नावाच्या खाणवस्तीत ४ जुलै १९३८ ला बिलचा जन्म झाला. सहा भावंडांत धाकटा. वस्ती म्हणजे एक कोळसा कंपनी, तिची घरं आणि मधून जाणारा रेल्वेचा रूळ. वडील खाणीत कामाला. आई-वडील वेगळे झाल्यावर तो जवळच्या बेकली गावात आईच्या माणसांत वाढला आणि तेरा वर्षांचा असताना वडील गेले. घरातली सगळी पुरुषमंडळी खाणीत जायची. खाणीत न गेलेला घरातला पहिला पुरुष म्हणजे बिल.

आणि तो बोलताना अडखळायचा. लहानपणी नव्हे फक्त, पार विशी उलटेपर्यंत. तोतरेपणाचा त्रास ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना माहीत असेल, अडचण नुसती शब्दांची नसते. समोरच्याच्या चेहऱ्यावर जो एक अधीरपणा येतो, तो आधीच दिसायला लागतो आणि मग शब्द आणखीनच अडकतो. अशा मुलाला अवतीभवतीचे लोक थोडं मंद समजून चालतात. बिलला तसं न समजणारी एक व्यक्ती होती, त्याची आजी लूला. ती त्याला चर्चला न्यायची. पुढे त्यानं तिच्या हातांवर एक गाणं लिहिलं, 'ग्रँडमाज हँड्स'. त्या काळच्या सोल संगीतात माणसं प्रेयसीसाठी गुडघ्यावर बसून रडत असताना हा गडी पहिल्याच अल्बममध्ये आजीच्या हातांवर गातो! गाणं जेमतेम दोन मिनिटांचं. टाळ्या वाजवणारे, पोराला पडू नको म्हणून सांगणारे, दुखणारे, सुजणारे हात. प्रेमगीतांच्या ढिगात मला ते वेगळं ऐकू येतं.

इथं 'सोल' म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर बिल किती वेगळा होता ते कळायचं नाही. काळ्या अमेरिकनांच्या चर्चमधलं गॉस्पेल गायन आणि बाहेरच्या बारमधलं रिदम अँड ब्लूज, या दोघांच्या लग्नातून पन्नाशीच्या दशकात हे संगीत जन्माला आलं. देवासाठीची आर्तता माणसाकडे वळवायची, ही त्यातली युक्ती. रे चार्ल्स, सॅम कुक, अरीथा फ्रँकलिन ही त्यातली मोठी नावं. डेट्रॉइटमध्ये मोटाउन आणि मेम्फिसमध्ये स्टॅक्स या कंपन्यांनी त्याचे अक्षरशः कारखाने काढले. चकाकते सूट, शिट्ट्या, ट्रम्पेटचा ताफा, घाम, गुडघे. आणि यातले बहुतेक गायक पाच-सहा वर्षांचे असल्यापासून चर्चमध्ये गात आलेले. आपल्याकडे घराण्यात जन्मलेल्या मुलाला जसं तंबोऱ्याशेजारीच झोपवतात, तसं.

बिलकडे यातलं काही नव्हतं. अठराव्या वर्षाच्या आसपास तो नौदलात गेला आणि तिथं नऊ वर्षं काढली. सैन्यातला वर्णभेद संपवायचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रूमननं १९४८ मध्येच काढला होता, पण काळ्या पोरांना स्वयंपाकी नाहीतर वाढपी करायची सवय इतक्या लवकर जाणार नव्हती. बिलनं पहिल्यापासून ठरवलं होतं की आपण या दोन्हींपैकी काही व्हायचं नाही. त्यानं विमानांच्या मेकॅनिकचं शिक्षण घेतलं. याच वर्षांत हळूहळू त्याची जीभही सुटत गेली. १९६५ मध्ये तो बाहेर पडला. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत त्यानं काही काळ घरोघरी दूध टाकलं, त्या भागातला पहिला काळा दूधवाला म्हणून. सांता क्लारा म्हणजे आजची सिलिकॉन व्हॅली. आमच्या धंद्यातल्या अर्ध्या लोकांचं स्वप्न जिथं जाऊन राहायचं असतं, तिथल्या दारांवर बिल विदर्स दुधाच्या बाटल्या ठेवत होता. ही माहिती कळल्यापासून मला उगाचच आवडते.

गाण्याकडे तो वळला त्यामागचं कारण त्यानं स्वतः सांगितलंय आणि त्यात साक्षात्कार वगैरे काही नाही. ओकलंडच्या एका क्लबमध्ये तो लू रॉल्स या गायकाला ऐकायला गेला होता. रॉल्सचा पत्ता नव्हता आणि मॅनेजर चिडून कुणाला तरी सांगत होता की या माणसाला मी आठवड्याला दोन हजार डॉलर देतो आणि याला वेळेवर येता येत नाही. बिल तेव्हा तासाला तीन डॉलरच्या आसपास कमवत होता. मग रॉल्स आला आणि क्लबमधल्या सगळ्या बायका त्याच्याभोवती जमल्या. बिलनं हिशेब केला. एका गहाणवटीच्या दुकानातून त्यानं स्वस्तातली गिटार घेतली आणि स्वतःच स्वतःला शिकवायला सुरुवात केली.

हा हिशेब मला फार प्रामाणिक वाटतो. मी इंजिनीअरिंगला का गेलो, असं इंटरव्ह्यूत विचारलं तेव्हा मी लहानपणी रेडिओ उघडून बघायचो वगैरे सांगितलं होतं. माझ्यासोबतच्या सगळ्यांनीच तसलं काहीतरी सांगितलं असणार. पगाराचा आकडा ऐकून गेलो, असं कोणी म्हणत नाही. बिल म्हणतो.

१९६७ मध्ये तो लॉस एंजेलिसला आला. दिवसा कारखान्यात पाळी, संध्याकाळी गाणी लिहायची, पगारातून पैसे बाजूला काढून डेमो टेप करून घ्यायच्या आणि कंपन्यांचे दरवाजे ठोठवायचे. नकार येत राहिले. शेवटी टेप पोचली क्लॅरेन्स अवांटकडे. हा माणूस संगीतधंद्यातला मोठा जुगाडू, नंतर 'ब्लॅक गॉडफादर' म्हणून ओळखला गेला आणि २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर त्याच्यावर माहितीपटही आला. त्याची छोटीशी कंपनी होती, ससेक्स रेकॉर्ड्स. (याच कंपनीकडे त्या काळात डेट्रॉइटचा एक गायक होता, रॉड्रिगेझ. त्याचे अल्बम अमेरिकेत कुणी घेतले नाहीत, तो बांधकामं पाडायच्या कामावर गेला आणि तिकडे दक्षिण आफ्रिकेत त्याच्या नकळत तो प्रसिद्ध झाला. 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' हा माहितीपट त्याचाच. अंगमेहनतीची कामं करणारे दोन गायक एकाच लहानशा लेबलवर, हा योगायोग कुणीतरी सविस्तर लिहायला हवा.)

अवांटनं निर्माता म्हणून आणला बुकर टी. जोन्स. स्टॅक्सच्या कारखान्यातला मुख्य कारागीर, त्याच्या सोबत ड्रमर अल जॅक्सन आणि बासवर डोनाल्ड 'डक' डन. गिटार वाजवायला स्टीफन स्टिल्स. म्हणजे पहिल्याच सामन्यात समोर वर्ल्ड कपची टीम. बिल कारखान्यातूनच थेट स्टुडिओत आला, पायात कामाचे बूट, खटारा गाडी, हातात गाण्यांची वही. आत बसलेली माणसं बघून त्यानं बुकर टी.ला बाजूला घेतलं आणि विचारलं, ही गाणी म्हणणार कोण?

तूच, बुकर टी. म्हणाला.

बिलला वाटलं होतं की कुणीतरी खरा गायक येणार आहे. ही आठवण बुकर टी.नं सांगितलेली आहे आणि बिलबद्दल वाचलेल्या सगळ्या गोष्टींमध्ये मी हिच्यापाशी सगळ्यात जास्त थांबलो. स्वतःच्या डेमोवर स्वतःचाच आवाज होता. अवांटनं त्या आवाजाशीच करार केला होता. तरी स्टुडिओत उभं राहिल्यावर त्याला वाटत होतं की आपला भाग लिहिण्यापुरता. त्याची भीती बघून ग्रॅहम नॅश, हा आणखी एक नामांकित गायक, जो तिथं पाहुणा म्हणून आला होता, तो त्याच्या अगदी समोर खुर्ची घेऊन बसला आणि तू किती चांगला आहेस हे तुला माहीत नाही, असं त्याला सांगितलं.

रेकॉर्डिंग तुकड्यातुकड्यांत झालं, कारण मध्ये पैसे संपले आणि काही महिने काम थांबलं. त्यातच 'एन्ट नो सनशाइन' झालं. दारूत बुडालेल्या एका जोडप्यावरचा 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस' हा १९६२ चा सिनेमा टीव्हीवर बघताना त्याला ते सुचलं होतं. आपल्यासाठी वाईट आहे हे कळत असूनही ज्याची ओढ जात नाही, अशा गोष्टीबद्दलचं गाणं. तिसऱ्या कडव्याचे शब्द तयार नव्हते, म्हणून त्या जागी तो 'मला माहीत आहे' अशा अर्थाचे दोनच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. नंतर कडवं लिहिणार होता. बुकर टी. आणि बाकीच्या वादकांनी सांगितलं, हात लावू नकोस, असंच राहू दे. सव्वीस वेळा तेच दोन शब्द. आमच्या भाषेत सांगायचं तर कोडमध्ये 'नंतर भरू' म्हणून टाकलेला डमी मजकूर थेट प्रॉडक्शनमध्ये गेला आणि तेच प्रॉडक्टचं सगळ्यात लोकप्रिय फीचर ठरलं. बिल नंतर म्हणायचा की समोर इतके अनुभवी लोक असताना आपण कोण नाही म्हणणार. पण त्या जागी नीट लिहिलेलं कडवं असतं तर? ते गाणं शहाणं झालं असतं. ज्या माणसाला सगळं कळतंय पण वळत नाहीये त्याच्याकडे शेवटी शब्द उरत नाहीतच, आणि लहानपणी तोंडात एकच शब्द अडकून बसलेल्या माणसानं ते गावं, हे मला नुसता अपघात म्हणून सोडून देववत नाही.

कंपनीनं ते गाणं सिंगलच्या मागच्या बाजूला टाकलं होतं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी करून वाजवली आणि ते बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याला ग्रॅमी मिळालं. कंपनीनं कौतुकानं बिलला एक सोनेरी टॉयलेट भेट दिलं.

आणि नोकरी? बिल ती सोडायला तयार नव्हता, कारण त्याच्या मते संगीताचा धंदा बेभरवशाचा. विमानांची टॉयलेट जोडायला कुणीतरी लागणारच होतं. बोइंग ७४७ तेव्हा नवंकोरं होतं, जानेवारी १९७० मध्ये त्यानं प्रवासी नेऊ लागायला सुरुवात केली होती आणि १९७१ मध्ये आपल्या एअर इंडियाचं पहिलं जंबोही दाखल झालं. पण विमान कंपन्यांची कामं कमीजास्त होतात आणि बिलला कारखान्यानं कामावरून कमी केलं. तो सांगायचा की पुढे एकाच दिवशी त्याला दोन पत्रं आली. एक कारखान्याचं, परत कामावर या म्हणून. दुसरं जॉनी कार्सनच्या टीव्ही शोचं, गायला या म्हणून. दोन्ही बोलावणी, आणि पहिलं आधी पोचलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करायला मला रात्री दोन वाजता आवडतं.

१९७२ चा 'स्टिल बिल' हा त्याचा सगळ्यात भरीव अल्बम, असं माझं मत. बुकर टी. यात नाही. वॉट्सच्या एका बँडमधले वादक घेऊन, जेम्स गॅडसन ड्रमवर, बिलनं ही गाणी केली. 'लीन ऑन मी' यातलं. नवा घेतलेला वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानो, तो वाजवता येत नव्हता, म्हणून बोटं एकापुढे एक सरकवत शेजारशेजारच्या पट्ट्या दाबत गेला. ते गाणं इतकं सोपं आहे ते त्यामुळेच. हार्मोनियमवर पहिल्या दिवशी सारेगम वाजवणाऱ्या पोरालाही ते वाजवता येईल. आणि त्याचा विषय? एकमेकांना टेकून उभं राहायचं, आज तू अडलास, उद्या मी अडेन. शहरात आल्यावर बिलला स्लॅब फोर्कची शेजारीपाजारी आठवली, जिथं असं वागणं हा काही मोठेपणा नव्हता, रोजचं होतं. चाळीत किंवा वाड्यात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. गाणं तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम झाला आणि त्याचं रेकॉर्डिंग उपलब्ध आहे. ते हेडफोन लावून एकदा सलग ऐका. दीड वर्षापूर्वी कारखान्यात असलेला, एके काळी वाक्य पूर्ण न करता येणारा माणूस गाण्यांमध्ये बोलतो, रेंगाळतो, आजीच्या चर्चची गोष्ट सांगतो, लोकांना हसवतो. मग व्हिएतनाममध्ये उजवा हात गमावलेल्या एका सैनिकाचं गाणं येतं. तो डाव्या हातानं लिहू शकत नाही, म्हणून दुसऱ्याला आईसाठी पत्र लिहून द्यायला सांगतो. युद्ध तेव्हा चालू होतं. या गाण्यात घोषणा एकही नाही.

पुढची दोन-तीन वर्षं मी भराभर सांगतो. अभिनेत्री डेनिस निकोलसशी लग्न, वर्षभरात घटस्फोट, त्याची सावली असलेला '+जस्टमेंट्स' हा अल्बम. १९७४ मध्ये झैरेतल्या किन्शासात, महंमद अली आणि फोरमनच्या मुष्टियुद्धानिमित्त झालेल्या संगीत महोत्सवात, जेम्स ब्राऊन वगैरेंच्या दणदणाटात हा एकटा गिटार घेऊन बसून गायला. 'सोल पॉवर' माहितीपटात ते दिसतं. ससेक्सकडून पैसे वेळेवर येईनात. त्यांनी आणखी गाणी मागितली, तेव्हा बिलनं रेकॉर्ड केलेला अख्खा अल्बम पुसून टाकला. हे त्यानंच सांगितलंय. १९७५ मध्ये ससेक्स बुडाली आणि तो कोलंबिया या बलाढ्य कंपनीत गेला.

कॉर्पोरेटमध्ये काम केलेल्यांना यापुढचा भाग ओळखीचा वाटेल. लहान कंपनीत मालकाशी थेट बोलता यायचं, कसंही का होईना. इथं मध्ये थर होते. हे काळं संगीत आहे, त्यात ट्रम्पेट हवेत, कोरस हवा, मधला संगीताचा तुकडा इतका लांबला का, असं सांगणारे गोरे अधिकारी. काळ्या माणसानं कसं काळं वाटायला हवं हे शिकवणाऱ्या या तज्ज्ञांसाठी बिलनं एक शब्द बनवला होता, 'ब्लॅक्सपर्ट'. त्यातल्या एकानं त्याला एल्व्हिस प्रेस्लीचं 'इन द गेटो' गा म्हणून सुचवलं. खाणवस्तीतून आलेल्या, स्वतःची गाणी स्वतः लिहिणाऱ्या माणसाला, गोऱ्या गायकानं गाजवलेलं काळ्या वस्तीतल्या गरिबीचं गाणं. चाळीस वर्षांनंतरही हा किस्सा सांगताना तो थंड झालेला नसायचा.

तरी या काळात 'लव्हली डे' झालं, १९७७ मध्ये. स्किप स्कारबरोसोबत लिहिलेलं. शेवटाकडे एक सूर तो अठरा सेकंद धरून ठेवतो. स्टॉपवॉच लावून बघा, आणि सोबत स्वतःही श्वास रोखायचा प्रयत्न करा. त्यानंतरच्या वर्षीच्या अल्बमनंतर मात्र १९८५ पर्यंत कोलंबियानं त्याचा एकही अल्बम काढला नाही. करारामुळे तो बांधलेला, पण कंपनीला त्याची गाणी पसंत नाहीत. आमच्याकडे याला 'बेंच' म्हणतात. ज्यांनी बेंच भोगलाय त्यांना ठाऊक आहे, पगार चालू असतो आणि माणूस आतून वाळत जातो.

या बेंचवरूनच त्यानं दुसऱ्यांच्या अल्बममध्ये गाऊन घेतलं. सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरच्या 'वाइनलाइट'वरचं 'जस्ट द टू ऑफ अस' हे त्यातलं. राल्फ मॅकडोनाल्ड आणि विल्यम सॉल्टर ते घेऊन आले, तेव्हा शब्दांवर मला काम करू द्याल तरच गाईन, अशी बिलची अट होती. १९८१ मध्ये ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं आणि त्यालाही ग्रॅमी मिळालं. म्हणजे ज्या कंपनीनं त्याला बसवून ठेवलं होतं, तिच्या प्रतिस्पर्ध्यासाठी त्यानं हिट दिलं. १९८५ मध्ये कोलंबियानं 'वॉचिंग यू वॉचिंग मी' काढला, तो फारसा चालला नाही आणि बिल उठून घरी गेला.

गोष्टीचा हा भाग सांगताना लोक नेहमी दुःखी सूर लावतात. मला ते पटत नाही, पण याचं उलट टोकही पटत नाही, की बघा, किती थोर विरक्ती. जरा पैशाचा हिशेब बघू या. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक रेकॉर्डिंगचा आणि दुसरा गाणं रचणाऱ्याचा. (आपल्याकडे सिनेमातल्या गीतकार-संगीतकारांचा हा दुसरा हक्क २०१२ च्या कायदादुरुस्तीनं पक्का केला, तोवर त्यांना बहुतेकदा एकरकमी पैसे देऊन वाटेला लावलं जायचं.) बिल आपली गाणी लिहायचा, त्यामुळे कुणीही ती गायली तरी त्याला पैसे मिळायचे. आणि गायली किती जणांनी! मायकल जॅक्सननं १९७२ मध्येच 'एन्ट नो सनशाइन' गायलं. क्लब नूव्हो या बँडनं १९८७ मध्ये 'लीन ऑन मी' पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेलं आणि त्यासाठी लेखक म्हणून बिलला तिसरं ग्रॅमी मिळालं, तेही घरी बसल्या. ब्लॅकस्ट्रीटच्या 'नो डिगिटी'च्या तळाशी आजीच्या हातांचं गाणं गुणगुणतंय. विल स्मिथनं आपल्या मुलासाठी 'जस्ट द टू ऑफ अस' नव्यानं केलं. १९७६ मध्ये बिलनं मार्शा जॉन्सनशी लग्न केलं होतं, त्यांना दोन मुलं झाली आणि प्रकाशनहक्कांचा कारभार मार्शा बघायची. बिलनं लॉस एंजेलिसमध्ये घरं-जमिनी घेतल्या. म्हणजे तो 'सोडून देऊ' शकला, कारण त्याच्याकडे सोडून देण्याइतकं होतं. हे न सांगता त्याला संत करणं ही फसवणूक आहे. माझ्यासारख्या ईएमआयवाल्यानं उद्या सकाळी लॅपटॉप बंद करून बिल विदर्स व्हायचं ठरवलं तर तिसऱ्या महिन्यात बँकेचा फोन येईल.

पण असं असूनही, पैसे असलेले किती जण थांबतात? त्याच्या बरोबरीचे, त्याच्याइतकेच श्रीमंत गायक सत्तरीत घसा बसलेला असतानाही दौरे काढत होते. बिल का थांबला याचं मला वाटणारं उत्तर त्याच्या सुरुवातीत आहे. टाळ्यांशिवायची बत्तीस वर्षं त्याच्या गाठीशी होती. त्यानं विमानं दुरुस्त केली होती, दूध टाकलं होतं, आठ तासांची पाळी संपवून घरी जाणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. त्याच्या लेखी गाणं हेही एक काम होतं, चांगलं काम, पण आपण म्हणजेच ते काम, असं त्याच्या अंगात कधी मुरलं नाही. २००९ मध्ये डमानी बेकर आणि ॲलेक्स व्लॅक यांनी त्याच्यावर 'स्टिल बिल' हा माहितीपट केला. त्यात तो म्हणतो ते साधारण असं: अप्रतिम व्हायला निघायला हरकत नाही, पण त्या वाटेत 'बरं' नावाचं ठिकाण लागतं. तिथं पोचलात की नीट इकडेतिकडे बघून घ्या आणि सवय करून घ्या, कारण कदाचित तुमचा प्रवास तिथंच संपेल.

हे वाक्य इंटरनेटवर फार फिरतं, सूर्यास्ताच्या फोटोवर वगैरे. मी त्याच्याशी बरेच दिवस भांडलो. तीन ग्रॅमीवाल्यानं 'बरं'वर समाधान माना सांगणं सोपं आहे, आणि आमच्या अप्रेझलच्या फॉर्मात 'बरं' ही चौकट म्हणजे पुढच्या यादीत नाव. पण मग लक्षात येतं की हे सांगणारा माणूस 'बरं' या स्टेशनवर खरंच राहून आलाय, बरबँकमध्ये, हातात डबा घेऊन, आणि त्या फोटोत तो कुठंही अवघडलेला दिसत नाही.

थांबला म्हणजे गाणं मेलं होतं का? तर नाही. माहितीपटात त्याच्या घरात स्टुडिओ दिसतो, मुलीबरोबर तो त्यात काम करताना दिसतो. उपकरणांशी झटापट, पासवर्ड आणि बटणांची कटकट, आपल्या घरात आई-बाबांची चालते तशी. म्हणजे इच्छा पुरती विझलेली नव्हती, आणि मला तेच बरं वाटतं.

२०१५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं तेव्हा ते जाहीर करायला स्टीव्ही वंडर होता. बिलनं भाषण केलं, लोकांना पोट धरून हसवलं. त्याची गाणी स्टीव्ही वंडर आणि जॉन लेजंड यांनी गायली. ३० मार्च २०२० रोजी, एक्क्याऐंशीव्या वर्षी, हृदयविकारानं तो लॉस एंजेलिसमध्ये गेला. लॉकडाऊनचे पहिले दिवस होते ते. घरच्यांनी बातमी दिली ती काही दिवसांनी, ३ एप्रिलला, आणि तेव्हा अमेरिकेत दवाखान्यांतले लोक आणि घरात कोंडलेली माणसं एकमेकांना धीर द्यायला 'लीन ऑन मी' गात होती.

माहितीपटात एक प्रसंग आहे. न्यूयॉर्कमध्ये अडखळत बोलणाऱ्या मुलांची एक नाट्यसंस्था आहे, तिच्या कार्यक्रमाला बिल गेलाय. मुलं स्टेजवर येतात, आपापलं वाक्य आपापल्या गतीनं पूर्ण करतात, शब्द अडतो, सगळं सभागृह थांबतं, शब्द सुटतो. कॅमेरा बिलवर जातो. जगभर ऐकला गेलेला तो माणूस डोळे पुसत बसलाय, आणि पुढच्या मुलाचं वाक्य संपेपर्यंत वाट बघतोय.